मोठ्याईचे दोन डॉक्टर

मंगळवारी सकाळी मोठ्याई शिलाई मशीनवरून उठली आणि पडली. शेजारच्या सुलोचनाबाईंनी मला फोन केला. दर्यापूरहून तिला अमरावतीला आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गुरुवारी ती गेली.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर वारले, मूलबाळ नव्हतं. दर्यापूरच्या त्या घरात तिने उरलेलं आयुष्य बायकांचे ब्लाउज शिवत काढलं. तिच्याइतकं ऐकणारी आणि तिच्याइतकं न सांगणारी बाई मी पाहिली नाही. माप देता देता बायका मन मोकळं करायच्या. कोणाची सून माहेरी का बसली, कोणाच्या मुलाचं कुठे बिनसलं, सगळं त्या खोलीत यायचं आणि तिथेच राहायचं. “एका चुलीचा धूर दुसऱ्या चुलीपाशी नेऊ नये,” असं ती म्हणायची.

गल्लीतल्या दोन जावांचं आपसात बोलणं बंद होतं. एका लग्नासाठी दोघींनी ब्लाउज शिवायला टाकले. धाकटी येऊन बसली आणि विचारू लागली, “मोठ्याई, तिनं गळा कसा सांगतला?”

“तुले कसा पायजे ते सांग.”

“सांग ना वं. मी कोणाले सांगून राहिली?”

“तू नाई सांगत, तं मी काहून सांगू? माह्या मशीनले कान हायेत, तोंड नाई.”

लग्नात दोघी आल्या तेव्हा दोघींच्या पाठीवर एकच गळा आणि एकच लटकन होतं. दोघी तिच्यावर उखडल्या. मोठ्याई पंगतीत शांतपणे जेवत होती. “तुमची आवड जुळली, त्याले मी काय करू?” एवढंच म्हणाली.

मधे एक काळ असा होता की वडील आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. मोठ्याई त्यांच्याकडे राहून माझ्याकडे यायची. मी आडून विचारायचो, बाबा कसे आहेत? “पाय असतीन तं जाऊन पाह्य,” असं म्हणून ती माझ्या मुलीच्या फ्रॉकला टाके घालत बसायची. तेव्हा राग यायचा. पुढे कळलं की माझ्याबद्दल त्यांनाही ती तेच ऐकवत होती. शेवटी मी गेलो, तो तिच्या न सांगण्यामुळेच.

तिच्या छातीत धडधड सुरू झाली तेव्हा तिला अकोल्याला नेलं. तिथले डॉक्टर वयस्क होते. ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागेल, असं त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. निघताना म्हणाले, “माई, आता तुमची काळजी माझ्यावर सोडा.” ही त्यांची नेहमीची वाक्यरचना असेल. मोठ्याईला तो दिला-घेतलेला शब्द वाटला. गावात कोणी दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, “त्यायले काय तोंड दाखवू मंग?”

नंतर एका हिवाळ्यात ती माझ्याकडे अमरावतीला राहायला आली. अकोल्याच्या गोळ्या दर्यापूरलाच राहिल्या होत्या. तिने ते मला सांगितलं नाही. काही दिवसांनी तिचा पाय सुजला, पोटरी दुखू लागली. जवळच्या नव्या दवाखान्यात नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती.

तो दवाखाना सर्व प्रकारे सज्ज होता. भिंतीवर मोठा फलक होता: रुग्णाच्या साऱ्या नोंदी एका ठिकाणी. खिडकीतल्या मुलीने मोठ्याईचा आधार क्रमांक टाकला, आणि अकोल्याचा दवाखानाही त्याच जाळ्यात असल्याचं तिच्या पडद्यावर दिसलं. मग मोठ्याईच्या मोबाइलवर संदेश आला. जुन्या नोंदी पाहायला परवानगी आहे का? मी पैसे भरून आलो तेव्हा रांग खोळंबली होती.

“आजी, ‘हो’ दाबा. मागे लोक उभे आहेत.”

“मी इकडं आली म्हून त्या डॉक्टरले समजंल ना.”

“नाही समजत, आजी.”

“इतक्या दूरून कागद मागून राहिली, अन् म्हणते समजत नाई!”

मागचा एक माणूस हसला. मी फोनकडे हात करेपर्यंत तिने ‘नाही’ दाबलं होतं. मुलीने पुढचा रुग्ण घेतला. यंत्रात काही बिघाड नव्हता. ते विचारायला तयार होतं. जिला विचारायचं तिच्याशी मात्र आधी कोणी बसून बोललं नव्हतं.

आतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. मी त्यांना सांगितलं, हिचे अकोल्याला हृदयाचे उपचार चालू आहेत. त्यांनी मोठ्याईकडे पाहिलं. “आजी, रक्त पातळ करायची गोळी घेता का तिथली?”

“नाई वं बाई. केवाचंच सोडलं ते.”

त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवसांपुरतं ते खरंच होतं. बाईंनी गुठळीसाठी गोळ्या लिहून दिल्या. रिक्षात मी तिला छेडलं, खरंच सोडलं का? ती बाहेर पाहत राहिली. “सोडलं म्हणजे सोडलं. पोरगी किती मायेनं बोलली पाह्य.” तिचा स्वभाव माझ्याइतका कोणाला माहीत होता? तरी तिच्या लेखी मीही एक वेगळं घर होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दर्यापूरला परतल्यावर तिने अकोल्याच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. अमरावतीच्या चालूच होत्या. त्या वयस्क डॉक्टरांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि आजी म्हणणाऱ्या पोरीलाही दुखवायचं नव्हतं. हिरड्यांतून रक्त येतं, हातावर काळेनिळे डाग पडतात, असं ती सुलोचनाबाईंना म्हणाली होती. ते दोन डॉक्टरांपैकी कोणालाच सांगितलं नाही.

तिला अमरावतीच्या त्याच दवाखान्यात आणलं त्या रात्री त्यांनी घरातली सगळी औषधं मागवली. सुलोचनाबाईंच्या मुलाने दोन पाकिटं आणली. एक स्वयंपाकघरातल्या फडताळात होतं, दुसरं मशीनच्या खणात. एकाने दुसऱ्याला पाहू नये, अशी तिने ती ठेवली होती. त्याच डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या दिव्याखाली धरून मागची बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाल्या, “नावं दोन कंपन्यांची आहेत. औषध एकच आहे.”

सगळं आटोपल्यावर मी अकोल्याला गेलो. त्या डॉक्टरांना कोणीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मला सांगायचं होतं हो माईंनी. मी कशाला रागावलो असतो?”

“तुम्हाला वाईट वाटेल असं तिला वाटलं.”

“वाईट?” ते म्हणाले, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

थोड्या वेळाने त्यांनी अमरावतीला नेमकं काय दिलं होतं ते पाहायला मागितलं. त्यांनी पडद्यावर विनंती पाठवली. मोठ्याईचा फोन माझ्या खिशात होता. तो वाजला. परवानगी आहे का, असं तिच्या नावाने विचारलं होतं. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. मी ‘हो’ दाबलं.

नोंदी लगेच उघडल्या. मोठ्याईचे दोन्ही दवाखान्यांतले कागद आता एका ठिकाणी आहेत.