मशिनीच्या पोटातली अक्षत

दीपमालानं वायर काढली आणि लॅपटॉप डोळे मिटल्यासारखा गप्प झाला. वायर लावली, की चालू. काढली, की बंद.

मुखेडच्या बाजारपेठेत तिचं ऑनलाइन कामाचं एका शटरचं दुकान. भोकरची ही पोर लग्नानंतर दोन लेकरं सांभाळत बी.ए. झाली, आणि आता अर्ध्या तालुक्याचे फॉर्म भरते. पण आजचं काम दुकानातलं नव्हतं. भामाबाईच्या हयातीच्या दाखल्याची आज शेवटची तारीख होती. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं, शेतातल्या वस्तीवर बाजेला खिळलेली. तिथं दिवसा लाइट नसते. अंगठ्याचं यंत्र लॅपटॉपला जोडायचं, म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर चालायलाच हवा. दाखला गेला नाही, तर म्हातारीची पेन्शन थांबणार.

तिनं शेजारच्या दुकानातून दुसरा चार्जर आणून लावला. तेच. बटण दाबून धरलं. तेच. पडद्यावर बॅटरीच्या चित्रावर लाल फुली. शेवटी जिथून हा जुना लॅपटॉप घेतला, त्या लातूरच्या सत्यमला फोन लावला.

"फुली दिसते म्हणजे बॅटरी गेली असंच न्हाई, ताई. लॅपटॉपला ती सापडंना, असंबी असतंय. मागं कधी चालली होती?"

"दसऱ्याच्या आधी. तेव्हापासून वायर लावूनच काम केलंय."

"मग बंद करा, वायर काढा, अन् खालून बॅटरी काढून तिचे दात बघा."

तिनं लॅपटॉप पालथा घातला, दोन्ही खिट्या सरकवल्या. बॅटरी हातात आली आणि ती बघतच राहिली. पितळी दातांवर हळदी-कुंकवाचा वाळलेला थर, आणि खाचेत तांदळाचा एक अख्खा दाणा.

"सत्यम, थांब जरा. हे काम आमच्या घरातलंच हाय."

घर दुकानाच्या मागंच. सासरे, वैजनाथ, ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. तिनं बॅटरी समोर धरली.

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच की. खंडेनवमीला." त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "विळ्याचं पातं अलग पुजतो, मूठ अलग. कुदळीचा दांडा काढून पुजतो. तुह्या मशिनीचं पोट तेवढं कसं सोडायचं? खिट्या दिसल्या, उघडलं. पाणी मातर थेंबभरच लावलं बरं का."

तिच्या जिभेवर आलं होतं काही तरी. पण खंडेनवमीला मांडलेली ती ओळ आठवली. विळे, कुदळी, पाभर, फवारणीचा पंप, आणि शेवटी झेंडूचं फूल घातलेला हा लॅपटॉप. दहा वर्षं हेच मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सून दिवसभर टिकटिक करती." औजारांच्या रांगेत तिचं औजार यंदा पहिल्यांदा बसलं होतं.

"काय झालं? बिघडलं का?" म्हाताऱ्याचे हात थांबले.

"न्हाई. अडकलंय जरा. तुमचा दाढीचा जुना ब्रश द्या, तो सुका हाय ना?"

सत्यम फोनवर सांगत होता, "दात वाकवू नका. दाणा काडीनं अलगद काढा. मग कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसा, अन् चांगलं सुकू द्या." मामांनी चष्मा चढवून स्वतःच ब्रशनं थर झाडला, खाच पुसली. विळ्याला धार लावतानासुद्धा इतका जीव लावत नसतील. बॅटरी बसली. दीपमालानं वायर न लावताच बटण दाबलं. पडदा उजळला. फुली गेलेली, एकसष्ट टक्के.

"आता लई जपून जा," मामा म्हणाले, कुणाला ते कळलं नाही.

स्कूटीवरून वस्तीवर पोचेतो ऊन चढलं होतं. बाजेजवळ लॅपटॉप ठेवला. भामाबाईचा अंगठा दोनदा घसरला. दीपमालानं तो पदरानं पुसला, फुंकर घातली. तिसऱ्यांदा हिरवी खूण उमटली.

"झालं, आजी."

"म्हंजी सरकारनं मानलं, मी हाय म्हणून?"

"हाव."

"बरं झालं बाई. मलाच मागच्या महिन्यापासनं शंका येऊन राहिली होती."

घरी आल्यावर दीपमालानं ब्रश धुऊन मामांच्या हाती दिला.

"मामा, पुढल्या वर्षीबी पुजा. फक्त कुंकू झाकणावर लावा. पोट मी उघडते, तुम्ही नुसता नमस्कार करा."

"अन् फूल?"

"फूल घाला की."

मामा पुन्हा दोरखंड वळू लागले.