विहिरीतले मासे

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. करडीच्या पुढे आडवाटेला असलेल्या आमच्या गावात धानाची रोवणी संपता संपता हगवणीची साथ आली. मी बारावी होऊन घरी बसलेली, म्हणून विहिरीत औषध टाकायचं शिकायला मलाच तालुक्याला पाठवलं. आले ती मोठ्या ऐटीत. पांढरी पावडर बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं आणि निवांत झोपले.

सकाळी विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. पाण्यावर मासे पोटं वर करून तरंगत होते. आमच्याकडे विहिरीत मासे सोडतात. ते किडे खातात. मासे जिवंत तोवर पाणी चांगलं, एवढीच आमची तपासणी. हे मासे माझ्या चुलत आजोबांनी सोडलेले.

“काय टाकलं वं पोरी इहिरीत?” आजोबांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली.

“औषध, आबा.”

“मासे मेले. आता मानसं मरतीन.”

शिकवताना माशांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. माप मी बरोबर घेतलं होतं; तरी ते मासे पाहता पाहता माझा मापावरचा विश्वास पार उडाला. पण गप्प राहिले असते, तर बायका पाण्याचे गुंड घेऊन बोडीवर गेल्या असत्या, म्हशी लोळतात त्या तळ्यावर. मी बादली काढली, गिलास भरला. डोळे मिटून प्याले.

माय गर्दीतून पुढे आली. “दे इकडे. मी बी पितो.”

“तू कायले पितं, माय?”

“तू पेली ना.”

दिवसभर लोक आमच्या दारावरून जात राहिले. कुणाला विळा हवा, कुणाला विस्तव. खरं तर आम्ही जिवंत आहोत का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. मीही तेच पाहत होते. माय खोकली तरी माझा जीव खालीवर होई. शेवटी ती वैतागली. “अशी काहून पाहून राहिली? मेली का सांगीन तुले.”

संध्याकाळी शेजारची वहिनी आली. साथीतून नुकतंच उठलेलं तिचं लेकरू खांद्यावर मान टाकून होतं. तिनं मायला नीट न्याहाळलं, लेकराला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि गुंड घेऊन ती विहिरीकडे गेली. आजचा दिवस थांब, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग ती बोडीवर गेली असती. लेकरू माझं बोट चोखत होतं. इतकी भीती मला स्वतः पितानाही वाटली नव्हती.

ती भरला गुंड घेऊन परतली. गिलास भरून तिनं माझ्या हातात दिला. “तहानलं असन. तूच पाज.”

मी पाजलं. आज तोच पोरगा ट्रॅक्टर चालवतो. रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतो, आणि तो हॉर्न ऐकू येईपर्यंत मला अजून चैन पडत नाही.