वजनकाट्यावर बसवलेली नवी आवृत्ती

लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमची, नवी आवृत्ती आली की मला बरं वाटायचं, कारण ती फुकट असायची. एका मासिकाबरोबर सीडी यायची. ती घेऊन मी गिऱ्हाइकाकडे जायचे आणि बसवून देण्याचे पैसे घ्यायचे. वस्तू फुकट आहे हे मी कुणापासून लपवलं नाही. पण आपणहून सांगितलंही नाही. दुसऱ्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकवता शिकवता मी राजाजीनगरात स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान काढलं होतं. बापाचं नाव नाही, नवऱ्याचा पैसा नाही. भाव करताना समोरच्याला थकवायचं, एवढंच भांडवल.

भाव करण्याचे आमच्या घरात काही नेम होते. सुटे भाग आणायला एसपी रोडला गेलो की धाकट्या भावाला मी शिकवायचे, "पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर अशा दुकानात, जिथे आपल्याला परत जायचं नाही." घासाघीस केली म्हणजे संबंध ठेवायचाय, हे इथल्या दुकानदारांनाही कळायचं. मी दोनदा उठून निघाल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसे.

दुकानाचे प्रोग्राम हा भाऊ लिहायचा. त्यातला सगळ्यात चाललेला प्रोग्राम लॉऱ्या तोलण्याच्या काट्यांसाठी होता. तुमकूर रोडवर असे काटे बरेच. लॉरी काट्यावर चढली की वजनाचा आकडा वायरीतून कॉम्प्युटरमध्ये यायचा आणि चिठ्ठी छापून निघायची. गिऱ्हाइकाला आम्ही फक्त चालणारा प्रोग्राम द्यायचो. त्याचा सोर्स, म्हणजे भावाने हाताने लिहिलेली मूळ प्रत, जी वाचता येते आणि बदलता येते, ती मशीन सोपवण्याआधी मी स्वतः पुसायचे. सोर्स मिळाला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडून काम करून घेईल.

"अक्का, आपल्याला अख्खी सिस्टीम सोर्ससकट मिळते," तो म्हणायचा. "मग आपणच का लपवायचं?"

"सिस्टीम लिहिणाऱ्यांना दुकानाचं भाडं नसेल. मला आहे."

एकदा गिऱ्हाइकासमोर मी त्याच्यावर ओरडले. चूक छोटी होती, माझा आवाज मोठा होता. कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला, हेही खरं. दुसऱ्या आठवड्यात त्याला कोरमंगलाच्या एका कंपनीत नोकरी लागली. जाताना त्याच्या पिशवीत फ्लॉप्यांचा डबा होता, तो मी पाहिला. त्याच दुपारी रागाच्या भरात मी त्याचं मशीन फॉर्मॅट करून विकून टाकलं. आणि नंतरची दोन वर्षं भेटेल त्याला सांगत राहिले की माझा भाऊ काट्याच्या प्रोग्रामचा सोर्स घेऊन पळाला. नातेवाइकांना, दुकानदारांना, एकदा तर रिक्षावाल्यालाही सांगितलं. सांगून सांगून त्यातला राग गेला, शब्द तेवढे उरले.

मग तुमकूर रोडवरच्या एका काटेवाल्या अण्णांनी नवं मशीन घेतलं. त्याची डिस्क जुन्या आवृत्तीला ओळखताच येत नव्हती, म्हणून मी नवी बसवली. सकाळी दहापर्यंत सगळं ठीक. मग काट्याचा प्रोग्राम सुरू केला. मशीन म्हणालं, अशी फाइल नाही. मी यादी काढली. फाइल होती. पुन्हा सुरू केला. अशी फाइल नाही. डोळ्यांसमोर नाव दिसतंय आणि मशीन म्हणतंय, नाही.

बाहेर सहा लॉऱ्या उभ्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न देत होते. अण्णांनी वहीत वजनं लिहायला घेतली आणि मान वर न करता कानडी मिसळत म्हणाले, "एनु मेडम, नवीन म्हणजे जास्त चांगलं म्हणाला होतात. जुनं बोलत तरी होतं."

"स्वल्प वेळ द्या, अण्णा."

"मी देतो. ह्यांना विचारा," त्यांनी लॉऱ्यांकडे बोट केलं. "परवापर्यंत चालू झालं नाही तर मी दुसऱ्याला बोलावतो. आणि बाकीच्या काटेवाल्यांनाही सांगतो. रागावू नका."

एरवी मी रागावले असते. तेव्हा काहीच वाटलं नाही. हा एक काटा गेला की रस्त्यावरचे सगळे जाणार होते आणि दुकान त्यांच्यावरच चाललं होतं, हे मला समजत होतं. पण कुणी दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. मी सीडी पर्समध्ये टाकली आणि बस बदलत कोरमंगलाला गेले.

भाऊ खाली आला. जाड झाला होता. गळ्यात ओळखपत्र. आम्ही कँटीनमध्ये समोरासमोर बसलो. त्याने न विचारता माझ्यासाठी बिनसाखरेची कॉफी आणली.

मी काय झालं ते सांगितलं. तो हसला नाही. "बदलांची यादी वाचलीस? सीडीवरच असते."

"तीस पानं इंग्रजी कोण वाचतं?"

"अक्का, तू एका पंख्याच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचतेस."

"त्याला पैसे मोजलेले असतात."

त्याने वर जाऊन यादीचं एक पान छापून आणलं. या आवृत्तीत प्रोग्राम ज्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाच्या, आधाराने चालतात ती बदलली होती. आमचा प्रोग्राम जुनी शोधत होता. नाही म्हणत होतं ते त्या लायब्ररीला, फाइलला नव्हे. खाली एका ओळीत लिहिलं होतं की जुने प्रोग्राम चालवायचे असतील तर जुनी लायब्ररी वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवली आहे, ती नव्याशेजारी बसवावी.

"पाच मिनिटांचं काम," तो म्हणाला. "पण प्रोग्राममध्ये साल दोन आकडीच आहे. दोन हजार साल लागलं की चिठ्ठ्या चुकतील. सोर्स काढून ठेव, मी एखाद्या रविवारी बदलून देतो."

"सोर्स तू नेलास."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी कुठे नेला? तुझ्या नावाची डिरेक्टरी करून माझ्या मशीनवर ठेवला होता. दुकानाची वस्तू दुकानाबाहेर न्यायची नाही, तूच म्हणायचीस."

"पिशवीत डबा होता."

"त्यात लिनक्सच्या फ्लॉप्या होत्या. फुकटच्या." मग त्याने विचारलं, "मशीन कुठाय?"

मी सांगितलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हिंदीत मोठ्याने हसत होतं. मी कपातली साय चमच्याने बाजूला केली. माफी मागायला हवी हे कळत होतं. आतून काही हलत नव्हतं.

"नव्याने लिहीन," तो म्हणाला. "महिनाभर लागेल. एकच अट. या वेळी सोर्स प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनवर राहील. तू पुसायचा नाहीस."

या अटीवर मी पूर्वी तासभर भांडले असते. निम्म्या गिऱ्हाइकांना देऊ म्हणाले असते, वर्षाने देऊ म्हणाले असते, दोनदा उठून दारापर्यंत गेले असते. तो वाट बघत होता. खुर्चीत जरा पुढे सरकलाही.

"सरी, कबूल," मी म्हणाले.

त्याचा हात कपावर थांबला. एसपी रोडवर माझ्या मागे पिशव्या धरून उभा राहणारा तोच मुलगा होता. पहिल्या भावाला हो कुठे म्हणायचं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "थोडं तरी भांड की."

"माझी बस आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा काटा सुरू झाला. महिन्याने कुरियरने एक फ्लॉपी आली, बरोबर चिठ्ठी नव्हती. प्रोग्राम चांगला होता, आधीच्यापेक्षा सुटसुटीत. तो मी सगळ्या काट्यांवर सोर्ससकट बसवला आणि कुठेही पुसला नाही. भीती होती तसं काही झालं नाही. सोर्स उघडून बघायचं कुणा गिऱ्हाइकाच्या मनातही आलं नाही.

एकदा मीच उघडून पाहिला. वरती, जिथे लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं असतं, तिथे त्याने माझ्या दुकानाचं नाव घातलं होतं. मी फाइल बंद केली. पुढची आवृत्ती आली तेव्हा बदलांची तीसच्या तीस पानं वाचून काढली आणि कोरमंगलाला जायची वेळ येऊ दिली नाही.