नवमीची पहिली धार

टाक्यांच्या शेडमध्ये भिंतीला एक फळी मारलेली आहे आणि फळीला ओळीने खिळे आहेत. प्रत्येक वेल्डरचं हेल्मेट स्वतःचं असतं, खिळाही स्वतःचा. माणूस सुट्टीवर गेला तरी हेल्मेट तिथंच राहतं. नोकरी सोडली तरच ते घरी जातं. त्यामुळे कोण गेलं हे कुणाला विचारावं लागत नाही. दसऱ्यानंतर खिळे रिकामे व्हायला लागले होते. शुक्रवारी सुट्टीच्या वेळेला सूर्यभान वाबळ्यानंही आपलं हेल्मेट काढून पिशवीत घातलं.

नगरच्या एमआयडीसीतला हा कारखाना हेमचंद्र धर्माधिकारी साहेबांचा. इथं आगीचे बंब तयार होतात. गाडीचा सांगाडा बाहेरून येतो, त्यावर पाण्याची टाकी, पंप, नळ्या, शिडी बसवून बंब नगरपरिषदांना आणि साखर कारखान्यांना जातो. टाकीचं काम सूर्यभानचं.

तो मूळचा खर्ड्याचा. जामखेडला एका ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग शिकला आणि थोरल्या साहेबांच्या वेळी इथं आला. तेव्हा पत्र्याची एकच शेड होती आणि दुष्काळी गावांसाठी पाण्याचे टँकर बनत. थोरल्या साहेबांनी एक रीत घालून दिली होती. ज्यानं टाकी धरली त्यानंच ती पुरी करायची. दुसऱ्याच्या जोडावर कुणी जोड मारायचा नाही. टाकी गळली तर कुणाला बोलवायचं, हा प्रश्न राहत नाही. थोरले साहेब गेले, मुलगा हेमचंद्र साहेब झाला, टँकरचे बंब झाले, पण रीत तीच राहिली.

टाकीच्या आत पाणी हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे लावावे लागतात. ते लावायला माणूस वरच्या झाकणातून आत उतरतो. आत धूर कोंडतो, उन्हाळ्यात पत्रा पाठीला चिकटतो. म्हणून झाकणापाशी एक जण कायम बसलेला असतो. तो पंखा धरतो, आवाज देत राहतो, उत्तर आलं नाही तर ओढून काढतो. सूर्यभानच्या झाकणापाशी गोरक्षनाथ बसे. तो वयानं बराच लहान, तोंडानं मोठा.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. झेंडूची माळ घातलेला एक तयार बंब अंगणात उभा करतात, पंप चालू करतात आणि नळीचं तोंड मालकाच्या हातात देतात. पहिली धार मालकानं सोडायची. ती उंच जाते आणि सगळ्यांच्या डोक्यावर पडते. कुणी छत्री धरत नाही. थोरल्या साहेबांनी शेवटच्या वर्षी हात थरथरत असताना धार सोडली होती. पुढच्या नवमीला ती हेमचंद्र साहेबांनी सोडली, तेव्हा कारखाना कुणाचा झाला हे वेगळं सांगावं लागलं नाही.

यंदा पूजेला बसला एक परका माणूस. पांढरी गाडी, गुजरातचा नंबर. त्यानं नारळ फोडला, त्याच्याच कपाळाला गंध लागलं, आणि नळी त्यानंच धरली. धर्माधिकारी साहेब फाटकाजवळ लिंबाखाली उभे होते. दाढी वाढलेली, कपाळ मोकळं. पेढ्याचं ताट पुढं आलं तर त्यांनी हात जोडून ते पुढं पाठवलं.

"संपलं," गोरक्षनाथ डोक्यावरचं पाणी पुसत म्हणाला. "कारखाना गुजरातला गेला, नाना."

"कशावरून?" सूर्यभाननं विचारलं.

"धार कुनी सोडली? तुमच्या डोळ्यापुढं सोडली ना? दाढी बघा साहेबाची. माणूस कर्जात बुडाला की आधी दाढी वाढती."

आधीपासून कुजबुज होतीच. पगार पुढं सरकले होते. सांगाडे उभे करायच्या जागा रिकाम्या होत्या. आता त्या कुजबुजीला हातपाय फुटले. दसऱ्याला सोनं वाटताना लोक एकमेकांना नवीन मालकाची माहिती देऊ लागले. कुणी म्हणालं, तो प्लास्टिकच्या टाक्या करतो, तयारच आणून बसवणार. म्हणजे टाक्यांची शेड बंद. चहाच्या टपरीवर त्या माणसाचं आडनावसुद्धा ठरलं, दोन टपऱ्यांवर दोन वेगळी.

सूर्यभान अफवेवर बोलला नाही, पण पहिली धार त्यानं स्वतः पाहिली होती. टाक्या तयारच येणार असतील तर या वयात दुसरीकडं कोण उभं करणार? काष्टीला आप्पासाहेबांचा उसाच्या ट्रॉल्यांचा कारखाना आहे. गळीत हंगाम तोंडावर आलेला, त्यांना हात हवे होते. त्यानं फोन केला. सोमवारी या, दोघं असाल तर दोघं या, असं उत्तर आलं. गोरक्षनाथ तर तयारच होता.

आणि शेडमध्ये एक टाकी अर्धी होती. आतले पत्रे लागायचे होते. शुक्रवारी निघताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

घरी चांगुणानं, त्याच्या बायकोनं, पिशवीतलं हेल्मेट बघितलं आणि भाकरी थापता थापता विचारलं, "हे का आनलं?"

त्यानं सगळं सांगितलं. गाडी, नारळ, धार, साहेब लिंबाखाली.

"गंध न्हाई लावलं?"

"न्हाई."

"पेढा न्हाई घेतला?"

"हात जोडले नुसते."

"आनि दाढी वाढलेली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अवो, सुतक असंल त्यांला."

सूर्यभान पाटावर बसता बसता थांबला.

"तुमच्या चुलत्याच्या वक्ताला तुमी कसं दिसत हुता? असंच. देवाला हात लावला का तुमी? येवढे बापे हुता तिथं, एकाच्या बी ध्यानात न्हाई आलं?"

"साहेब लोक पाळत असतील का?"

"इचारा की. तोंड हाय ना?"

खरं तर हे न कळण्यासारखं नव्हतंच. त्यातल्या प्रत्येकानं घरात सुतक पाळलेलं होतं. पण सगळे महिनाभर कर्जाचंच बोलत होते, म्हणून दाढीही कर्जाचीच दिसली.

शनिवारी सकाळी तो पिशवी घेऊनच कारखान्यात गेला आणि थेट साहेबांच्या केबिनच्या दारात उभा राहिला. धर्माधिकारी साहेब खुर्चीत बसले होते. दाढी तशीच होती.

"साहेब, घरात सुतक हाय का?"

त्यांनी मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. मंडळी म्हनली घरी."

"नाशिकचा चुलतभाऊ गेला. नवमीच्या चार दिवस आधी कळलं."

"सांगायचं हुतं मग."

"सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, पूजा नको, गाडी हलवू नका. बंब दुसऱ्या दिवशी जायचा होता."

हे खरं होतं. पूजा थांबवा असं पहिल्यांदा सूर्यभानच म्हणाला असता.

"आनि ते पाव्हनं?"

"पंपवाले. सणात ट्रान्सपोर्ट बंद, म्हणून बिचारे स्वतः पंप घेऊन आले. दारात पाहुणा होता, त्याला पूजेचा मान दिला." ते थोडं हसले. "काय झालं त्याचं?"

"तुमी कारखाना इकला त्यांला. आडनाव बी ठरलंय."

साहेब हसायचे थांबले. बाहेर कापायच्या मशीनचा आवाज चालू होता. एरवी तिथं चार आवाज असत.

"बसा, वाबळे."

सूर्यभान बसला नाही.

"विकलेला नाही," साहेब म्हणाले. "पण अर्धंच सांगून तुम्हाला परत पाठवणार नाही. नगरपरिषदांकडून पैसा उशिरा येतो आणि बँक थांबत नाही. पुण्याचे एक जण भागीदारीसाठी येऊन गेलेत. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही."

"टाकीची शेड?"

"राहावी असं मी म्हणणार. ते मानतील की नाही, हे आज सांगता येत नाही."

सूर्यभानला हे उत्तर आवडलं नाही. पण ते उत्तर होतं. महिनाभरात असं सरळ वाक्य त्याच्या कानावर आलं नव्हतं.

"हे शेडमधी येऊन सांगा," तो म्हणाला. "आजच. सोमवारी ऐकायला मानसं राहनार न्हाईत."

साहेब आले. उभ्याउभ्याच, सुतकापासून पुण्याच्या माणसापर्यंत, केबिनमध्ये सांगितलं तेवढं सगळं सांगितलं. काहींना पटलं. काही म्हणाले, भागीदार म्हणजे मालकच, फरक काय. एकानं सगळ्यांदेखत हेल्मेट काढलं आणि गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

गोरक्षनाथ सूर्यभानजवळ सरकला. "म्हंजे आपन खोटे न्हवतो, नाना. गुजरात न्हवं, पुनं निघालं."

"निघालं न्हाई अजून."

"निघंल की. काष्टीचं काय?"

सूर्यभान अर्ध्या टाकीपाशी गेला, आतल्या कडेवरून बोट फिरवलं. पत्रे लावायला जोड साफ करून ठेवलेले होते, त्यावर गंजाची पातळ साय धरली होती. तो निघून गेला तर हे काम रीतीप्रमाणे कुणी हातात घेणार नव्हतं. घेतलंच तर सगळं कापून पहिल्यापासून करावं लागलं असतं. ट्रॉलीत ऊस भरतात, पाणी नाही. तिथं जोडाला भोक राहिलं तरी कुणी बघत नाही. या विचारानं त्याला बरं वाटलं नाही. त्यानं बाहेर येऊन फोन लावला.

"आप्पासाहेब, मी येत न्हाई."

"का बरं? कारखाना बुडाला म्हनत हुता तुमीच."

"बुडाला न्हाई. डुगडुगतोय."

"मंग डुगडुगत्या फळीवर बसा तुमी," आप्पासाहेब म्हणाले. "मोठ्या गाड्यांची सवय लागलीय तुमाला, ट्रॉली डोळ्यात भरत न्हाई. पन जागा धरून ठेवनार न्हाई बरं का मी. हंगाम मानसासाठी थांबत न्हाई."

"व्हय, बरोबर हाय तुमचं."

सूर्यभाननं फोन ठेवला. जागा गेली होती. त्यानं हेल्मेट पिशवीतून काढलं, पण खिळ्याला लावलं नाही. घासणी घेतली आणि गंज काढायला बसला.

सोमवारी त्यानं बाहेरचे जोड धरले. झाकणापाशी माणूस नसताना आत उतरायचं नसतं, आणि गोरक्षनाथ आलेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतर फाटकात मोटारसायकल वाजली. हँडलला हेल्मेटची पिशवी लटकत होती.

"काष्टीला गेल्तो," गोरक्षनाथ म्हणाला. "आप्पासाहेब म्हनले, वाबळे न्हाई तर नुसतं झाकन घेऊन मी काय करू?"

"मग?"

"मग काय. टाकी हुस्तवर हाय मी. पुढचं पुढं."

"पंखा लाव."

सूर्यभान आत उतरला. वरून गोरक्षनाथची बडबड चालू झाली, पुण्याच्या भागीदाराला दाढी आहे की मिशी यावर. मधूनच तो "नाना?" म्हणे आणि आतून "हं" येई.

टाकी पुरी झाली तेव्हा साहेबांची दाढी गेली होती आणि कपाळावर गंध होतं. जोडांना बाहेरून खडूचा लेप दिला. आतून ब्रशनं डिझेल फिरवलं. भोक असेल तर पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. पूर्वी रॉकेल लावत, ते मिळेनासं झालं. सूर्यभान प्रत्येक जोडापाशी बसून राहिला. चहा आला, थंड झाला. लेप पांढराच राहिला.

दिवाळीनंतर बंब तयार होऊन अंगणात उभा राहिला. पंप चालू झाला. धर्माधिकारी साहेबांनी नळीचं तोंड सूर्यभानपुढं केलं. "घ्या, वाबळे. तुमची टाकी आहे."

सूर्यभान मागं सरला. "नको, साहेब. मी धरली तर संध्याकाळपतूर टपरीवर हुईल, वाबळ्यानं कारखाना घेतला."

"आडनाव बी ठरलेलं हाय," मागून गोरक्षनाथ म्हणाला.

साहेबांनी धार सोडली. ती उंच गेली, लिंबाच्या शेंड्यावरून खाली आली आणि सगळे भिजले.

पुण्याच्या माणसाचं अजून ठरलेलं नाही. पगार या वेळीही पुढं सरकला, पण तो कधी होणार हे साहेबांनी आधी सांगितलं. सूर्यभानचं हेल्मेट खिळ्यावर आहे. गोरक्षनाथचं हँडललाच लटकतं, त्याला कुणी काही म्हणत नाही. शेडमध्ये पुढच्या टाकीचा पत्रा येऊन पडला आहे, आणि सूर्यभाननं त्याच्या कडा घासायला घेतल्या आहेत.