आवाजावरून ओळखणारी

उस्मानपुऱ्यात मी कॉम्प्युटरच्या दुकानात झाडपूस करते. तिथं ती एकदाच आली. कपाळभर गोंदण, जुना कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळलेला. वारलेल्या नवऱ्यानं मेंढरांमागं म्हटलेली गाणी त्यात होती. मालकानं ती नव्या कॉम्प्युटरवर घेतली. यादीत नावं दिसत, पण दाबलं की ‘फाइल सापडत नाही’. फाइली आत होत्या, पण त्यांची नावं जाऊन नुसते आकडे पडले होते. कुठलं नाव कुठं जोडायचं, कळेना.

“सोडा मावशी. नवी गाणी भरून देतो.”

“दुष्काळात मेंढरं इकली, ही नाय सोडायची. तू एकेक वाजव, मी नाव सांगते.”

“नुसतं ऐकून?”

“कोकरू ओरडलं की त्याची आई कोणती ते मला कळतं. घरचं गाणं नाय कळायचं व्हय?”

पहिला सूर निघाला की ती बोट उचलून नाव सांगे. मालक ते फाइलीला जोडी. एकदाही चुकली नाही.

दुपारी तो जेवायला जायचं म्हणून शटर खाली ओढू लागला. ती हलेना.

“सगळी जोडल्याबिगर उठत नाय.”

“हिला उठव गं,” तो मला म्हणाला.

इतक्या वर्षांत मी त्याच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं.

“मीबी बसते हिच्यासंगं,” म्हटलं, आणि शटर वर ढकललं.