न बांधलेलं धुराडं

गाव सोडलं त्या सकाळी जीप दारात उभी होती आणि मी स्वयंपाकघरात. हिचं वर्षश्राद्ध आठवड्यापूर्वी झालं होतं. चूल थंड, भिंत आढ्यापर्यंत काळी. मुलगा बाहेरून म्हणाला, "बाबा, विमान थांबायचं नाही." किल्ली पुतण्याच्या हातात दिली आणि बसलो. रडलो नाही. रडू इथं आल्यावर आलं. का, ते तुम्हा गावच्या मंडळींना सांगायचंय. माझ्यासारखे जे पोरांमागं परमुलखात आले, त्यांनीही ऐकावं. मी चौथी शिकलेला, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा डच मुलखात, नायमेखन शहरात कंपनीत आहे. घर शहराबाहेर, जुनं, पण खिडक्यांना दोन-दोन काचा, कुठं फट म्हणून नाही. बैठकीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी, तिची नळी छपराबाहेर गेलेली. गॅस महाग, म्हणून हिवाळ्यात तीच पेटवायची. मी म्हणालो, "हे काम माझं. तीस वर्षं वीटभट्टीवर मुकादम होतो. आगीचं मला कुणी शिकवू नका."

शेजारचा म्हातारा विलेम एकदा कुंपणावरून काहीतरी बोलला. सून हसत म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, तुमची चिमणी खोकतेय."

"त्याला सांग, आग म्हटली की धूर आलाच."

बुधवारी इथं शाळा दुपारीच सुटते. त्या बुधवारी घरात मी आणि नऊ वर्षांची नात इरा, दोघंच. लाकडं जळून निखारे झाले होते. संध्याकाळपर्यंत विस्तव टिकावा म्हणून हिची रीत आठवली. ही निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची. तसं केलं. वर माझं शहाणपण, ऊब वाया जायला नको म्हणून हवेची फट मिटवली आणि नळीतली झडपही लावली. इरा शेजारी सतरंजीवर चित्रं काढत होती. थोड्या वेळानं कपाळ धरून डचमध्ये काहीतरी पुटपुटली. म्हटलं, "पड जरा." माझंही डोकं जड झालं होतं. मग पोरीला उलटी झाली. उठायला गेलो तर पाय ऐकेनात.

सून त्या दिवशी लवकर आली म्हणून वाचलो. तिनं दारं-खिडक्या उघडल्या, पोरीला उचलून बाहेर नेलं. कोंडलेल्या निखाऱ्यांचा वायू होता, त्याला ना वास ना रंग. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. पोर संध्याकाळी बोलायला लागली.

मुलगा ओरडला नाही. खाटेशेजारी बसून, खाली बघत म्हणाला, "बाबा, आईचं झालं तेवढं पुरे नव्हतं का?"

मला वाटायचं, तिचं ते धुराडं मागणं त्याला आठवत नसेल.

हिनं मला दोनदा सांगितलं होतं, "अहो, चुलीवर एक धुराडं बांधून द्या. छाती भरून येते." पहिल्यांदा म्हणालो, "धुरानं वाशांना कीड लागत नाही." दुसऱ्यांदा चार माणसांत हसलो, "हिला आता राजवाडा पाहिजे." भट्टीवर मोडक्या विटांचा ढीग पडलेला असायचा. एका दिवसाचं काम होतं. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. बिड्या मी ओढल्या, फुप्फुसं तिची गेली.

महिनाभर शेगडीला शिवलो नाही. मग सुनेला घेऊन विलेमकडं गेलो आणि म्हणालो, "मला येत नाही, शिकवा." त्यानं दोन वर्षं वाळवलेली लाकडं दाखवली. जाड लाकूड खाली, काटक्या वर, आणि पेटवायचं वरून. सगळं उफराटं. जाळ धरेपर्यंत हवेची फट पूर्ण उघडी. निखारा जिवंत असेतो झडप लावायची नाही. राख झाकणाच्या बादलीत, घराबाहेर. वर्षातून एकदा चिमणी झाडून घ्यायची. मग त्यानं मला अंगणात नेलं आणि वर बोट केलं. त्याच्या चिमणीवर नुसती हवा थरथरत होती.

सून म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. धूर दिसला तर चूक पेटवणाऱ्याची."

पेटवणारीची नाही हो. चूल तशी ठेवणाऱ्याची. हे मनातल्या मनात म्हणालो आणि तिथंच मला रडू फुटलं. सुनेनं आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. तिला वाटलं, थंडी बाधली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका बुधवारी मुलगा निघताना म्हणाला, "इरा साडेबाराला येईल. शेगडी पेटवून ठेवा." बास, एवढंच. मी तीनदा अंगणात जाऊन चिमणी बघून आलो.

तुम्ही फोनवर विचारता, घराची आठवण येते का. गावात माझं घर आहे, असं मी जन्मभर सांगितलं. खरं म्हणजे मी तिथं जेवायला आणि झोपायला यायचो. घर ती करायची. ते काम मी आता सत्तरीत, परक्या मुलखात शिकतोय. अजून नीट जमत नाही.