टायरचा झोका

पांढरकवड्याच्या आमच्या इंग्रजीच्या क्लासात वह्या बदलायचा तास असायचा. एकमेकांचं लिखाण वाचायचं अन् खाली आपलं मत लिहायचं, असा सरांचा नियम. आम्ही सगळी मोठी माणसं, दिवसभराची कामं उरकून येणारी. उद्या बाजारात गाठ पडणार, मग वाईटपणा कायले घ्यायचा? प्रत्येकाच्या वहीत आपलं ‘व्हेरी नाइस’! मी तर न वाचताच लिहून मोकळी व्हायची.

माझ्या बाकावर हायवेवरचे ट्रकमिस्त्री बसायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एक दिवस त्यांनी वही माझ्यापुढे आपटलीच.

“बेटी, हे नातीले पाठवाचं पत्र हाय. हैदराबादले राह्यते, तिले इंग्रजीच वाचता येते. दोन वर्षांपासून सुटीत येत नाही, म्हनते इथं बोर होते. तुह्या व्हेरी नाइसनं येईन का ते पोरगी?”

बाई गं, मेल्याहून मेल्यासारखं झालं! त्या दिवशी मी पत्र खरोखर वाचलं. तब्येत सांभाळ, अभ्यास कर, मोठ्यांचं ऐक. यासाठी कोणती पोरगी येणार? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पेन्सिलीनं विचारलं, ‘तिनं का यावं?’

चाचा फुगले. दोन दिवस दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी नवीन पान आलं. नात लहान असताना गॅरेजमागच्या कडुनिंबाला त्यांनी ट्रकचं जुनं टायर बांधून झोका केला होता, त्याची गोष्ट. मी वाचतच सुटले! झोका कोण द्यायचं? किती उंच जायचा? ती ओरडायची काय? समासात प्रश्नांवर प्रश्न लिहिले. चाचा उत्तरं लिहीत गेले, अख्खा क्लास आमच्या बाकाभोवती जमला, कोणी शब्द पुरवतंय, कोणी हसतंय. काय मजा आली म्हणून सांगू!

आणि या माणसानं पत्र उतरवून काढलंच नाही. माझ्या पेन्सिलीच्या प्रश्नांसकट तेच पान वहीतून फाडून पोस्टात टाकलं. मी डोक्याला हात लावला.

पुढच्या आठवड्यात चाचा क्लासात आले ते मोबाइल नाचवतच. नातीनं त्याच पानाचा फोटो पाठवला होता. माझ्या प्रश्नांखाली तिनंही पेन्सिलीनं एक प्रश्न लिहिला होता, ‘आता मी मोठी झाले. दोर मला पेलेल का?’

“चाचा, येते ते! लवकर उत्तर लिहा,” मी ओरडलेच.

“लिहाचं काय त्यात? दोर बदलूनच आलो मी.”